संगणक मध्येच का थांबतो? परिचारिकांची एनक्लेक्स परीक्षा आणि तिची तयारी

अमेरिकेतल्या परवान्यासाठीच्या एनक्लेक्स-आरएन परीक्षेला एकाच दिवशी बसलेल्या दोन परिचारिकांपैकी एकीचा संगणक ८५ प्रश्नांनंतर थांबतो आणि दुसरीला पुरते १५० प्रश्न सोडवावे लागतात. निकाल येतो तेव्हा दोघीही पास असू शकतात, दोघीही नापास असू शकतात, किंवा लवकर सुटलेली नापास आणि शेवटपर्यंत झगडलेली पास असेही होते. गुण कोणालाच कळवले जात नाहीत. सर्वांना सारखी प्रश्नपत्रिका आणि शंभरातले गुण या पद्धतीत वाढलेल्या उमेदवाराला हा नशिबाचा खेळ वाटतो. मग ‘अवघड प्रश्न आले म्हणजे पास’, ‘८५ ला बंद झाला म्हणजे काम झाले’ अशा समजुती होस्टेलांत आणि क्लासांत पसरतात. या समजुती तयारीचीही दिशा चुकवतात, म्हणून आधी परीक्षेची रचना पाहायला हवी.

अमेरिकेत परिचारिकेला परवाना देण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे नाही. तो प्रत्येक राज्याच्या परिचर्या मंडळाकडे आहे. या मंडळांची राष्ट्रीय परिषद १९७८ मध्ये स्थापन झाली आणि तीच एनक्लेक्स तयार करते. अमेरिकेत शिकलेली मुलगी आणि मिरजेत किंवा नागपुरात जीएनएम अथवा बीएस्सी नर्सिंग केलेली परिचारिका या दोघींना हीच परीक्षा द्यावी लागते, परदेशी उमेदवारांसाठी वेगळी सोपी वा अवघड आवृत्ती नाही. कॅनडाच्या बहुतेक प्रांतांनी २०१५ पासून हीच परीक्षा स्वीकारली. ऑस्ट्रेलियातही, ज्यांची पदवी तेथील पदवीशी समकक्ष मानली जात नाही अशा परिचारिकांना २०२० पासून आधी एनक्लेक्स आणि मग प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. आखाती देशांसाठीची ‘प्रोमेट्रिक’ किंवा ब्रिटनची संगणकीय चाचणी मात्र ठरावीक प्रश्नसंख्येच्या नेहमीच्या परीक्षा आहेत. तेथील अनुभव येथे फारसा कामाला येत नाही.

पारड्याचा हिशेब

एप्रिल १९९४ पासून एनक्लेक्स ‘जुळवून घेणारी’ संगणकीय चाचणी झाली. म्हणजे पुढचा प्रश्न कोणता, हे आधीच्या उत्तरांवरून ठरते. जुन्या किराणा दुकानातला दोन पारड्यांचा तराजू आठवला तर ही पद्धत चटकन कळते. एका पारड्यात भोपळा आहे आणि दुकानदाराला एवढेच ठरवायचे आहे, की तो दोन किलोपेक्षा जड आहे की नाही. तो अंदाजाने एक वजन टाकतो. भोपळ्याचे पारडे खालीच राहिले तर आणखी वजन चढवतो, वर गेले तर वजन काढून लहान टाकतो. भोपळा चार किलोचा असेल तर दोन-तीन वजनांतच निकाल लागतो, आणि अर्ध्या किलोचा असेल तरीही तितक्याच लवकर. पण तो १,९५० किंवा २,०५० ग्रॅमचा असेल तर लहान लहान वजने टाकत बराच वेळ खटपट करावी लागते. किती वजने टाकली यावरून भोपळा जड की हलका हे कळत नाही. तो दोन किलोच्या किती जवळ आहे, एवढेच कळते.

परीक्षेत भोपळ्याच्या जागी उमेदवाराची क्षमता, वजनांच्या जागी प्रश्न आणि दोन किलोच्या जागी पास होण्याची रेषा असते. ८५ आणि १५० चे कोडे येथेच सुटते. ८५ प्रश्नांवर थांबणे म्हणजे संगणकाची खात्री पटली. कशाची, ते त्यावरून कळत नाही. १५० पर्यंत जाणे म्हणजे उमेदवार रेषेच्या आसपास होती.

प्रश्न वगळता का येत नाही आणि मागे जाऊन उत्तर बदलता का येत नाही, याचे कारणही हेच. प्रत्येक उत्तरावर पुढची निवड अवलंबून असते. मागचे उत्तर बदलले तर त्यानंतर आलेले सगळेच प्रश्न गैरलागू ठरतील.

निम्मे बरोबर, निम्मे चूक

या मोजणीमागे डॅनिश गणितज्ञ गेऑर्ग राश यांनी १९६० मध्ये मांडलेले गणित आहे. त्यात उमेदवाराची क्षमता आणि प्रश्नाची काठिण्यपातळी एकाच पट्टीवर मोजतात. या पट्टीच्या एककाला ‘लॉजिट’ म्हणतात. क्षमता आणि काठिण्य अगदी सारखे असतील तर उत्तर बरोबर येण्याची शक्यता ५० टक्के. क्षमता एका लॉजिटने जास्त असेल तर ती सुमारे ७३ टक्के होते, दोन लॉजिटने जास्त असेल तर सुमारे ८८ टक्के.

फार सोप्या प्रश्नाचे उत्तर जवळपास सगळेच देतात आणि फार अवघड प्रश्नाचे जवळपास कोणीच नाही. अशा प्रश्नांतून उमेदवाराबद्दल काही कळत नाही. म्हणून संगणक असाच प्रश्न शोधतो, ज्यात त्या उमेदवाराची बरोबर-चूक होण्याची शक्यता सारखी आहे. याचा चमत्कारिक परिणाम असा, की हुशार आणि कच्च्या अशा दोन्ही उमेदवारांचे साधारण निम्मेच प्रश्न बरोबर येतात. फरक पडतो तो कोणत्या काठिण्यपातळीचे प्रश्न निम्मे बरोबर आले यावर. आयुष्यभर ८० टक्क्यांनी पास झालेल्या मुलीला परीक्षेच्या मध्यावर ‘आपले सगळेच चुकते आहे’ असे वाटू लागते, ते यामुळेच. वाटणे खरे आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा. तयारी करताना हे ठाऊक नसलेल्या उमेदवारांचा धीर परीक्षेच्या खोलीत सुटतो, आणि घाबरून केलेल्या चुका मात्र खऱ्या असतात.

पास होण्याची रेषा याच पट्टीवर आखलेली आहे. २०१३ मध्ये ती शून्य लॉजिटवर आणली गेली, त्याआधी ती उणे ०.१६ वर, म्हणजे किंचित खाली होती. २०२३ मध्ये परीक्षेचे स्वरूप बदलले तेव्हाही ती शून्यावरच राहिली. किती जणांना पास करायचे याचा कोटा नाही आणि उमेदवारांची एकमेकींशी स्पर्धाही नाही.

थांबण्याचे तीन नियम

पहिला नियम ९५ टक्के खात्रीचा. किमान प्रश्न झाल्यावर संगणक प्रत्येक उत्तरानंतर क्षमतेचा अंदाज आणि त्यातली संभाव्य चूक तपासतो. संभाव्य चूक धरूनही उमेदवार रेषेच्या वर किंवा खाली असल्याची ९५ टक्के खात्री झाली, की परीक्षा तेथेच थांबते. दुसरा नियम कमाल संख्येचा. १५० प्रश्नांपर्यंतही खात्री झाली नाही, तर शेवटचा अंदाज रेषेच्या वर असेल तर पास, नाही तर नापास. तिसरा नियम वेळ संपल्याचा. किमान ८५ प्रश्न झाले नसतील तर थेट नापास, झाले असतील तर त्या क्षणाचा अंदाज पाहिला जातो.

८५ पैकी प्रत्यक्ष मोजले जातात ७०. उरलेले १५ नवे प्रश्न त्यांची काठिण्यपातळी ठरवण्यासाठी मिसळलेले असतात. ते कोणते, हे उमेदवाराला ओळखता येत नाही, म्हणून एखादा विचित्र प्रश्न आला तर त्यावर पंधरा मिनिटे घालवणे वेडेपणाचे.

> चौकट: एनक्लेक्स-आरएन थोडक्यात
> किमान प्रश्न ८५, कमाल १५०. दोन्हींत १५ न मोजले जाणारे
> एकूण वेळ ५ तास, विश्रांतीसह
> तीन रुग्णकथा, प्रत्येकी ६ प्रश्न
> प्रश्न वगळता येत नाही, मागे जाता येत नाही
> पुन्हा बसण्यासाठी किमान ४५ दिवसांचे अंतर
> निकाल फक्त पास किंवा नापास

मोजायचे काय आहे?

आतापर्यंतची चर्चा मोजण्याच्या पद्धतीची झाली. मोजली जाणारी वस्तू कोणती, हे तयारीच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे. नुकतीच परवाना मिळालेली, वर्षा-सहा महिन्यांचा अनुभव असलेली परिचारिका रुग्णासाठी सुरक्षित आहे का, एवढेच एनक्लेक्स तपासते. अतिदक्षता विभागात दहा वर्षे काढलेल्या सिस्टरचे प्रावीण्य तिला मोजायचेच नाही. अमेरिकेत शिकून पहिल्यांदा बसणाऱ्यांपैकी दहातल्या नऊजणींच्या आसपास पास होतात आणि परदेशी शिकलेल्यांपैकी साधारण निम्म्या. ही तफावत केवळ अभ्यासाची किंवा इंग्रजीची नाही. भारतातल्या वॉर्डात कामाची आणि अधिकाराची जी वाटणी अंगवळणी पडते, ती परीक्षेच्या काल्पनिक रुग्णालयातल्या वाटणीपेक्षा वेगळी आहे.

आपल्याकडे सरकारी रुग्णालयात एका सिस्टरकडे पन्नास खाटा असू शकतात. रुग्णाला उठवणे, भरवणे, पुसून काढणे नातेवाईक करतात, उरलेले मावशी आणि वॉर्डबॉय पाहतात. निर्णय राऊंडला आलेले डॉक्टर घेतात. परीक्षेतल्या रुग्णालयात नातेवाईक जवळजवळ नसतोच. तेथे तीन पायऱ्या असतात: नोंदणीकृत परिचारिका, तिच्याहून कमी प्रशिक्षणाची व्यवहारी परिचारिका आणि परवाना नसलेला मदतनीस. कोणते काम कोणाला सोपवायचे, यावर प्रश्नांचा पाऊस असतो. २०२३ च्या आराखड्यात काळजीचे व्यवस्थापन या विभागाला १५ ते २१ टक्के वाटा आहे, म्हणजे औषधशास्त्राच्या १३ ते १९ टक्क्यांपेक्षाही जास्त.

सोपवण्याचा नियम पाठ करण्याइतका सोपा आहे. पहिली तपासणी, रुग्णाला शिकवणे, परिणामाचे मूल्यमापन आणि प्रकृती स्थिर नसलेला रुग्ण ही कामे नोंदणीकृत परिचारिका स्वतःकडेच ठेवते. स्थिर रुग्णाची तोंडी औषधे आणि ड्रेसिंग व्यवहारी परिचारिकेला देता येते. अंघोळ, भरवणे, चालवणे, स्थिर रुग्णाचे तापमान-बीपी आणि लघवीचे माप मदतनीसाला. येथील परिचारिका प्रश्न वाचताना नकळत आपला वॉर्ड डोळ्यांपुढे आणते आणि तेथेच फसते.

‘डॉक्टरांना कळवा’ हे उत्तरही असेच फसवे. परीक्षेत बहुतेक वेळा आधी तपासायचे, मग हातात असलेला उपाय करायचा, मग कळवायचे. श्वास अडखळलेल्या रुग्णाला उठवून बसवणे आणि ऑक्सिजन लावणे हे फोनच्या आधी येते. पण प्रश्नात तपासणी झालेली असेल, धोका स्पष्ट असेल आणि परिचारिकेच्या अधिकारातले काही उरले नसेल, तर कळवणे हेच बरोबर उत्तर. या दोहोंतला फरक सरावातूनच येतो.

रुग्णाचे हक्क हा आणखी एक खड्डा. आईला कर्करोग झाल्याचे तिच्यापासून लपवा, अशी विनंती मुले करतात आणि आपल्याकडे ती बऱ्याचदा मानली जाते. परीक्षेत शुद्धीवर असलेल्या प्रौढ रुग्णाची माहिती रुग्णाचीच, ती त्याच्या परवानगीशिवाय मुलालाही सांगायची नाही. संमतिपत्रावर परिचारिका सहीची साक्षीदार असते. रुग्ण म्हणाला, ‘ऑपरेशन नीटसे कळले नाही’, तर तिने स्वतः समजावत बसायचे नाही, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना बोलवायचे. भाषेची अडचण असेल तर घरच्या माणसाला दुभाषा करायचे नाही, प्रशिक्षित दुभाषा मागवायचा.

संसर्गनियंत्रणातही तसेच. क्षयरोग, गोवर, कांजिण्या यांच्या रुग्णाला हवा आत खेचणाऱ्या, उणे दाबाच्या स्वतंत्र खोलीत ठेवायचे, क्षयरोग्याच्या खोलीत जाताना एन-९५ मुखपट्टी लावायची. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या जुलाबात हातांना लावायचा जंतुनाशक द्रव पुरत नाही, साबण-पाणीच हवे, कारण त्या जंतूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. हे सारे इथल्या पुस्तकांत आहे. वॉर्डात जागाच नसल्यामुळे त्याची सवय नसते, एवढेच.

आधी कोणाकडे?

प्राधान्याचे प्रश्न हा एनक्लेक्सचा कणा. एक नमुना: सकाळी आधीच्या पाळीकडून ओव्हर घेतल्यावर चार रुग्ण आहेत. पहिला दमेकरी वृद्ध, फुप्फुसांचा जुना अवरोधक विकार, ऑक्सिजन ९० टक्के. दुसरीचे पोटाचे ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले, वेदना दहापैकी सहा. तिसऱ्याला मधुमेह, नाश्त्यापूर्वीची साखर २१०. चौथीची थायरॉइड ग्रंथी काल काढली, ओठांभोवती मुंग्या येतात असे ती म्हणते.

आकडे पाहून नजर पहिल्याकडे जाते. पण त्याच्या आजारात ८८ ते ९२ टक्के ऑक्सिजन अपेक्षितच असतो. ऑपरेशननंतर वेदना अपेक्षित आहे. २१० साखर बघायला हवी, पण ती काही मिनिटे थांबू शकते. मुंग्या ही तक्रार सर्वांत क्षुल्लक वाटते आणि तीच सर्वांत धोक्याची आहे. थायरॉइडला चिकटून चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. शस्त्रक्रियेत त्यांना इजा झाली तर रक्तातले कॅल्शियम घसरते, आधी मुंग्या येतात, मग स्नायू आखडतात, आणि स्वरयंत्र आखडले तर श्वासच बंद होतो. श्वसनमार्ग, श्वास, रक्ताभिसरण हा क्रम सगळ्यांना पाठ असतो. प्रश्न मात्र अपेक्षित आणि अनपेक्षित यांत भेद करता येतो का, हे पाहतो.

रुग्णकथा आणि सहा पायऱ्या

१ एप्रिल २०२३ पासून याच विचारप्रक्रियेला थेट मोजणारे प्रश्न आले. एका रुग्णाच्या नोंदी, तपासण्या आणि डॉक्टरांचे आदेश पडद्यावर उलगडत जातात आणि त्यावर सहा प्रश्न येतात. वरच्याच रुग्णावर ते असे पडतील. नोंदींतल्या कोणत्या गोष्टी महत्त्वाच्या, तर मुंग्या आणि कालची शस्त्रक्रिया. त्यांचा अर्थ काय लागतो, तर कॅल्शियम कमी होत असावे. शक्यतांपैकी सर्वांत तातडीची कोणती, तर स्वरयंत्राचा आकस. कोणते उपाय योग्य, तर शिरेतून देण्याचे कॅल्शियम ग्लुकोनेट आणि श्वासनलिकेला छेद देण्याचे साहित्य हाताशी ठेवणे. प्रत्यक्ष आधी काय करायचे. आणि शेवटी, उपाय लागू पडला हे कशावरून ओळखायचे.

येथे गुण देण्याची पद्धतही बदलली आहे. ‘लागू असतील ते सर्व निवडा’ या प्रकारात पूर्वी एक पर्याय चुकला तरी शून्य मिळे. आता बरोबर पर्यायाला एक गुण मिळतो आणि चुकीच्या पर्यायाला एक कापला जातो. बेरीज शून्याखाली जात नाही. म्हणून खात्री नसताना सगळेच पर्याय टिपून टाकणे अंगाशी येते. किती निवडायचे ते सांगितलेले असेल तेथे मात्र वजाबाकी नसते, तेथे तेवढे निवडलेच पाहिजेत.

तयारीचा क्रम

यावरून उघड होते, की जीएनएमची पुस्तके पहिल्या पानापासून पुन्हा वाचणे हा वेळखाऊ आणि कमी फळाचा मार्ग आहे. विषयांची उजळणी काही आठवड्यांत आटोपून मुख्य भर सरावप्रश्नांवर द्यावा, आणि प्रश्न सोडवण्याइतकाच वेळ त्याचे स्पष्टीकरण वाचण्यात घालवावा. आपले उत्तर चुकले का, यापेक्षा बाकीचे तीन पर्याय का चुकीचे होते, हे सांगता आले पाहिजे. चुकांची वही ठेवताना विषयानुसार न ठेवता कारणानुसार ठेवणे उपयोगाचे ठरते: माहिती नव्हती, प्रश्न नीट वाचला नाही, की आपल्या वॉर्डाच्या सवयीने उत्तर दिले. तिसऱ्या रकान्यात गर्दी झाली तर अनुभवी उमेदवाराने नवल मानू नये.

औषधांसाठी वेगळी यादी हवी. वॉर्डात लॅसिक्स, पेरिनॉर्म, एमसेट अशी कंपन्यांची नावे तोंडात बसलेली असतात, परीक्षेत फ्युरोसेमाइड, मेटोक्लोप्रमाइड, ऑनडॅन्सेट्रॉन अशी मूळ नावेच येतात. त्यातही काही अमेरिकी मूळ नावे निराळी: पॅरासिटामॉल तेथे अॅसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल अल्ब्युटेरॉल, अॅड्रिनॅलिन एपिनेफ्रिन, पेथिडिन मेपेरिडिन, ग्लिबेनक्लॅमाइड ग्लायब्युराइड.

शेवटच्या टप्प्यात पाच तास एका जागी बसून, मागे न जाता, सलग १५० प्रश्न सोडवण्याचा सराव दोन-तीनदा तरी करावा. ८५ वर सुटका होईल हे गृहीत धरलेली उमेदवार ८६ वा प्रश्न आल्याबरोबर खचते.

कागद, नाव आणि नंतरचे

परीक्षेआधी राज्य निवडून तेथील मंडळाकडे अर्ज करायचा असतो. बहुतेक राज्ये शिक्षणाची पडताळणी मागतात. हे काम मुख्यतः १९७७ मध्ये स्थापन झालेली सीजीएफएनएस ही संस्था करते, २०२५ पासून तिचे नाव ट्रूमेरिट आहे. महाविद्यालयाने विषयवार तास आणि प्रात्यक्षिकांची नोंद, तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलने नोंदणीची खातरजमा परस्पर पाठवावी लागते. यातच महिनोन्महिने जातात, म्हणून अभ्यासाच्या आधी हे सुरू करणे शहाणपणाचे. मंजुरी मिळाल्यावर परीक्षेचा परवाना येतो आणि पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रात तारीख घेता येते. भारतात मुंबईसह काही मोठ्या शहरांत अशी केंद्रे आहेत.

मराठी उमेदवारांची खास अडचण नावाची. गुणपत्रिकेवर माहेरचे आडनाव आणि वडिलांचे नाव, कौन्सिलच्या नोंदीत सासरचे, पासपोर्टवर तिसरीच मांडणी, हे सर्रास आढळते. परीक्षेच्या परवान्यावरचे नाव पासपोर्टशी तंतोतंत जुळले नाही तर केंद्रात प्रवेश नाकारला जातो आणि शुल्कही जाते. म्हणून अर्जात पासपोर्टवर छापलेलेच नाव भरायचे आणि बाकीच्या कागदांतला फरक विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राने आधीच जोडून घ्यायचा.

नापास झालेल्या उमेदवाराला प्रत्येक विभागात ती रेषेच्या वर, जवळ की खाली होती हे सांगणारा अहवाल मिळतो. पुढची तयारी त्यावरूनच आखावी. ४५ दिवसांनी पुन्हा बसता येते, वर्षात जास्तीत जास्त आठ वेळा, मात्र काही राज्यांचे नियम याहून कडक आहेत. पास झाल्यावर राज्याचा परवाना मिळतो. तो नोकरीचा व्हिसा नव्हे. त्यासाठी इंग्रजीच्या चाचणीसह व्हिसास्क्रीन नावाची वेगळी पडताळणी लागते, आणि परिचारिका ज्या वर्गातून स्थलांतर करतात त्यात भारतात जन्मलेल्यांची प्रतीक्षा अनेक वर्षांची आहे.